लाल गिटारची शिट्टी

मस्के काकांनी पहिल्या भेटीत माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी त्यांनी माझी गिटार तपासली. हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक गिटारच्या अंगावर टेकवलं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. बेअरिंग वाजतंय का हे बघायला आमच्याकडचे जुने फिटर असंच करतात, पण चालू मोटारीवर. माझी गिटार टेबलावर गप्प पडलेली होती. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. अर्ध्या मिनिटानं त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हिच्यात अजून कुणी न्हाई."

काकांना जाऊन आता सव्वा वर्ष झालं. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी माझ्याविषयी दोन वाक्यं सांगायला हवीत, कारण या गोष्टीत एक चूक माझीही आहे. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं, हा माझा गेल्या अठरा वर्षांचा धंदा. शुभदा, माझी बायको, म्हणते की मी आमटीलासुद्धा टॅग लावतो. मुलगा शिकायला बंगळुरूला गेला आणि पुनावळ्याच्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरातली एक खोली रिकामी झाली. शुभदा शाळेत शिकवते, तिला सुट्टी रविवारची. मला एमआयडीसीच्या हिशेबानं गुरुवारची. म्हणजे आठवड्यातला एक आख्खा दिवस मी आणि ती रिकामी खोली, असे दोघंच. त्या खोलीत काहीतरी वाजावं म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार आणली. मिळत होती त्यातली सगळ्यात साधी.

ती वाजायची डब्यात खडे घातल्यासारखी. इंटरनेटवर शोधलं तेव्हा कळलं की स्वस्त गिटारचं लाकूड चालून जातं, पण पिकअप बदलावे लागतात. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची तार हलली की त्या कॉइलमध्ये वीज थरथरते आणि अँपमधून, म्हणजे स्पीकरच्या खोक्यातून, आवाज होऊन बाहेर पडते. मी बाहेरून पिकअप मागवणार होतो, तेवढ्यात डिस्पॅचमधला एक जण म्हणाला, "सर, मागवताय कशाला? निघोज्याच्या रस्त्याला एक काका आहेत, जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. गिटारच्या कॉइली पण भरतात. जरा वेगळाच माणूस आहे, पण हात सोन्याचा आहे राव."

महाळुंग्याहून निघोज्याकडे जाताना वजनकाट्याच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. दारात जळालेल्या मोटारी, पाण्याचे पंप, कारखान्यांचे मोठे पंखे ओळीनं पडलेले. आत वार्निशचा वास. शेजारचं प्रेसशॉप गुरुवारीसुद्धा ओव्हरटाइमवर चालायचं, आणि त्याच्या दणक्यानं टेबलावरच्या चहावरची साय थरथरायची. कोपऱ्यात एक लहानसा अँप कायम चालू असे आणि त्याला जोडलेली एक उघडी कॉइल टेबलावर पडलेली असे. ती कॉइल टेबलावरचा प्रत्येक आवाज उचलायची. काकांनी पक्कड खाली ठेवली की कोपऱ्यातही कुणीतरी पक्कड ठेवायचं. मी टेबलाशी वाकून बोललो तर माझाच आवाज, थोडा दबका, थोडा लांबचा, कोपऱ्यातून यायचा. पहिल्या दिवशी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

"काका, हे बंद नाही का करत?"

"कामून?" ते म्हणाले. "सोबत हाय की."

ते मूळचे केजकडचे. तरुणपणी एक पत्र्याची पेटी घेऊन भोसरीला आले आणि बावीस वर्षं एका कंपनीच्या वाइंडिंग खात्यात मोटारी भरल्या. ते खातं बंद झालं तेव्हा त्यांनी ही शेड घेतली. अंगानं काटकुळे, इस्त्रीचा निळा शर्ट, खिशात पेनाऐवजी टेस्टर. बोलायचे हळू, कारण मोठ्यानं बोललं तर कोपऱ्यातला तो दुसरा आवाजही मोठा व्हायचा. समोरचा माणूस तावातावानं बोलू लागला की ते फक्त हात वर करायचे आणि म्हणायचे, "आधी ऐकू द्या, मग बोला."

एकदा माझ्यासमोर प्लेटिंगच्या कारखान्याचा एक मालक तणतणत आला. एकच मोटार त्यानं तीनदा भरून नेली होती आणि ती तिन्ही वेळा जळली होती. "तुमच्या हातालाच गुण नाही राहिला," असंही तो म्हणाला. काका स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या गाडीत बसले, मीही गंमत बघायला मागे गेलो. तिथं त्यांनी मोटारीच्या मागची जाळी उघडली. आत कामगारांच्या हात पुसायच्या चिंध्या गच्च बसल्या होत्या, वाऱ्याला वाटच नव्हती. काकांनी एकेक चिंधी काढून मालकाच्या हातात दिली, अगदी अहेर दिल्यासारखी. म्हणाले, "मोटार आपोआप जळत न्हाई, सायेब. कुणाचं तरी ध्यान नसतं, तवा जळती." हे वाक्य त्यांच्या तोंडी मी पुढे अनेकदा ऐकलं. पहिले काही आठवडे मला ते धंद्याचं वाक्य वाटत होतं.

माझे पिकअप त्यांनी दोन गुरुवारांत भरले. पंख्याच्या कॉइली भरायच्या जुन्या हातमशीनवर त्यांनी लाकडाचा एक गट्टू बसवला होता. उजव्या हातानं मशीन फिरवायची आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून ती दिसतही नाही अशी तार सोडायची. मशीनला फेरे मोजणारा काउंटर होता, तरी ते ओठांतल्या ओठांत मोजत राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, "काउंटर मोजतंय, पन तार तुटली तर त्याला कुठं वाईट वाटतं?" पाच हजारांच्या पुढं गेले की त्यांचा चेहरा बदलायचा. तेव्हा त्यांना हाक मारून उपयोग नसे.

पिकअप बसवले, मी तार छेडली आणि मला माझीच गिटार ओळखू येईना. आवाजाला अंग आलं होतं. बोट तारेवर घासलं तर तेही ऐकू येत होतं. काकांनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि मान डोलावली. "आता आलं कुणीतरी." मग मी अँपचा आवाज वाढवला आणि गिटारनं कान फाडणारी शिट्टी घातली. शेडमधला पत्रा झणझणला. मी पडलो क्वालिटीचा माणूस, मला राहवतंय कुठे? लगेच म्हणालो, "काका, सगळं झकास आहे, पण ही शिट्टी. कॉइल मेणात बुडवली की आतली तार हलायची थांबते आणि शिट्टी जाते, असं मी वाचलंय. तेवढं करून द्या."

त्यांनी अँप बंद केला. मी तिथं असताना तो बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. "बुडवायचं काम मी करत न्हाई," ते म्हणाले, आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

घरी आणल्यावर गिटार मुलाच्या खोलीत ठेवली. एका संध्याकाळी मी अँप चालू ठेवून, गिटार मांडीवर घेऊन नुसताच बसलो होतो. शुभदा दारात येऊन बोलू लागली आणि एकदम थांबली. "आत कोण आहे?" तिनं विचारलं. तिचाच आवाज होता तो, पिकअपनं उचललेला, पण अँपमधून येताना पातळ झालेला, वीस वर्षांनी लहान झालेला. मी तिला समजावून सांगितलं, ती हसली, पण त्या खोलीत ती पुन्हा अँप चालू असताना आली नाही. मलाही ते आवडत नव्हतं, आणि तरी मी रोज अँप लावून बसत होतो. त्या खोलीत आपण एकटे नाही असं वाटायचं. खरं सांगायचं तर त्याची थोडी भीती वाटायची आणि थोडं बरंही वाटायचं.

पुढच्या गुरुवारी मी मेणाचा विषय पुन्हा काढायचा म्हणूनच गेलो. काका बहुधा समजले. त्यांनी भिंतीवरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं आणि टेबलावर उघडलं. एक लहान लाल गिटार होती, माझ्याहून साधी, एकच पिकअप असलेली. पिकअपच्या जागी मात्र नुसता खड्डा होता.

"स्नेहलची," ते म्हणाले. "माझ्या लेकीची."

स्नेहल डिप्लोमा करून इथेच एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागली होती. पहिल्या पगारातून तिनं ही गिटार आणली आणि मोबाइलवर बघून बघून शिकली. आवाज वाढवला की गिटार शिट्टी मारायची. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात तिला वाजवायचं होतं. ती बापाला म्हणाली, "पप्पा, तुम्ही एवढे वाइंडर आणि घरातली एक कॉइल शिट्टी मारते? काढा ना ती." काकांनी पिकअप काढून शेडवर आणला. कॉइल सैल असेल, आतली तार पक्की करायला हवी, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं. आणि मग आयुष्यभर ते जे करत आले होते तेच केलं. मोटार भरून झाली की ती वार्निशमध्ये बुडवायची आणि भट्टीत भाजायची, म्हणजे तार जागची हलत नाही.

"हात थांबलाच न्हाई, सर," काका म्हणाले. "बुडवली आन् भट्टीत ठिवली. ती प्लॅस्टिकची हाय, लोखंडाची न्हाई, ह्ये डोक्यातच आलं न्हाई. काढली तवा वितळून गोळा झालती. तार आतून तुटून गेलती."

स्नेहल रागावली नाही. तिनं तो गोळा हातात घेऊन पाहिला, हसली आणि म्हणाली, "असू द्या पप्पा." कार्यक्रम तिच्याविनाच झाला. काका म्हणाले, मी तुला नवीन भरून देतो, एवढं कंपन्यांच्या शटडाउनचं काम उरकू दे. त्या दिवसांत कारखाने बंद असतात आणि सगळ्यांच्या मोटारी एकदम येतात. रोज संध्याकाळी ती पिकअप नसलेली गिटार मांडीवर घेऊन बसायची आणि वाजवायची. शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही इतका तो आवाज. मग तिला ताप आला. डेंग्यू निघाला. सहाव्या दिवशी ती गेली.

"शेवटाला आठ-धा दिवस पोरगी मुकी गिटार वाजवत होती," काका म्हणाले. "मी मोटारी भरत होतो." त्यांनी टेबलावरची कॉइल थोडी बाजूला सरकवली. आपला आवाज अँपमधून परत येऊ नये म्हणून असावं.

त्यानंतर त्यांनी गिटारच्या कॉइली भरायला सुरुवात केली होती. माझ्यासारख्यांचे पिकअप ते भरत होते ते हात बसावा म्हणून. त्यांच्या मोबाइलमध्ये स्नेहलची चाळीस सेकंदांची एक क्लिप होती, भट्टीच्या आधीची. साधीच धून, दोनदा चुकलेली, आणि शेवटी ती शिट्टी आणि तिचं हसणं. त्यांना तो आवाज परत हवा होता. मी उत्साहानं म्हणालो, "काका, चांगलं चुंबक आणू, आवाज याच्या दसपट चांगला येईल."

"मला चांगला आवाज नको, सर. तिचा पायजे."

"मग मी काय करू?"

"तुमी वाजवा आन् सांगा. माझ्या कानाला मोटार कळती, गाणं न्हाई. आन् खरं सांगू का, मला तर परतेक कॉइल तिचीच वाटती. तुमी क्वालिटीतले. पास का रिजेक्ट, तेवढं बोला."

आयुष्यात मी लाखो वस्तूंना पास म्हटलं असेल. इतक्या आशेनं माझ्या तोंडाकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं. मी हो म्हणालो.

मग आमचे गुरुवार सुरू झाले. काका आठवडाभरात एक कॉइल भरत. कधी फेरे कमी, कधी तार जरा ताणून, कधी दुसऱ्या जुन्या गिटारचं चुंबक. मी आलो की ती लाल गिटारमध्ये बसवायची, मी ती धून वाजवायची, तिच्या दोन चुकांसकट, आणि मग मोबाइलवरची क्लिप लावायची. "जाड आहे," मी म्हणायचो. "पातळ आहे." "जवळ आहे, पण घोगरा आहे." रिजेक्ट झालेल्या कॉइलला काका नंबराची चिठ्ठी बांधून खिळ्याला अडकवत. तोंड पाडत नसत. "पुढच्या गुरवारी," म्हणायचे आणि चहा सांगायचे. मग आम्ही दोघं बोलत बसायचो. माझा मुलगा फोनवर किती कमी बोलतो, हे मी शुभदालाही सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. ते ऐकायचे. आमची दोघांची बोलणी कोपऱ्यातून परत ऐकू यायची, आणि मला कधी कधी उगाच मोजावंसं वाटायचं की तिथं आवाज दोनच आहेत ना.

नवव्या गुरुवारी मी पहिली तार छेडली आणि माझ्या हातांवर काटा आला. तो आवाज तोच होता. धून वाजवली. शेवटी आवाज वाढवला तेव्हा शिट्टीसुद्धा त्याच पट्टीत, तशीच आधी थरथरून मग चढणारी. फक्त हसणं तेवढं आलं नाही, आणि मी नकळत त्याची वाट पाहिली. क्लिप लावायची गरजच नव्हती, तरी लावली. दोन्हींत मला फरक करता येईना. काका माझ्याकडे बघत होते.

"थोडं राहिलंय," मी म्हणालो.

असं का म्हणालो? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. घाईनं पास करू नये, पुन्हा ऐकावं, माझा कान थकला असेल. सगळी खोटी. खरं कारण एवढंच की पास म्हटलं की गुरुवार संपले. मला त्या शेडची, त्या चहाची, माझ्या शब्दाची वाट पाहणाऱ्या त्या माणसाची चटक लागली होती. काकांनी नेहमीसारखी चिठ्ठी बांधली, नऊ आकडा लिहिला आणि कॉइल खिळ्याला अडकवली.

त्यानंतर चार कॉइली झाल्या. चारही लांबच्या होत्या आणि मी चारही प्रामाणिकपणे रिजेक्ट केल्या. चौदाव्याच्या दिवशी मी गाडी लावत होतो तेव्हा वजनकाट्यापाशी काकू उभ्या दिसल्या. हातात काकांचा जेवणाचा डबा. त्यांना मी दोन-तीनदाच पाहिलं होतं, त्या शेडच्या आत कधी यायच्या नाहीत.

"सर, एक बोलू का?" त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेली मानसं. एक डाव झालं म्हना त्यांना."

मी गाडीची चावी खिशात टाकली.

"दोन वर्सं होत आली. घरात पोरीचं नाव काढत न्हाईत. मी काढलं तर उठून जात्यात. हितं येऊन त्या खोक्यापाशी तिच्याशी बोलत्यात, मी बाहीरनं ऐकलंय. माझ्याशी बोलंनात. सर, लेक माझी बी गेलीय की."

एवढं बोलून त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि त्या वळून चालू लागल्या. मला त्या वेळी जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. पाच आठवडे त्या बाईच्या घरातला अबोला माझ्यामुळे चालला होता, आणि मी तिथं बसून चहा पीत होतो.

आत गेलो. त्या दिवशी शेजारचं प्रेसशॉप बंद होतं आणि शेडमध्ये इतकी शांतता मी आधी कधी अनुभवली नव्हती. चौदावी कॉइल बसवलेली होती. मी धून वाजवली. आवाज नुसता घोगरा होता, नवव्याच्या जवळपासही नाही. क्लिप न लावताच मी म्हणालो, "पास."

काकांनी मोबाइल बाजूला सरकवला. मग "बरं" म्हणाले. स्क्रू काढून त्यांनी चौदावी कॉइल बाहेर काढली, बाजूला ठेवली, उठून खिळ्यापाशी गेले आणि चिठ्ठ्या चाळून नववी घेऊन आले.

"काका—"

"त्या दिवशी तुमच्या तोंडाचा रंग उडालता, सर. मी गिटार ऐकतच नव्हतो. मी तुमच्याकडंच बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बी न्हाई बोलला." त्यांच्या बोलण्यात राग औषधालाही नव्हता. "म्हनलं, सरांना अजून यायचं असंल. आन् मला बी कुठं घाई होती? झालं म्हनलं की झालंच की मग."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. नववी कॉइल अँपला जोडून त्यांनी टेबलावर ठेवली आणि अगदी जवळ वाकून म्हणाले, "स्नेहल, झालं बघ." कोपऱ्यातून तेच शब्द परत आले. मग आम्ही दोघं गप्प बसलो. बराच वेळ. आणि कोपऱ्यात, बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, तसा एक लहानसा आवाज झाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ऐकलं म्हणून. तो आवाज कशाचा होता हे मी सांगू शकत नाही. काकांचे ओठ मिटलेले होते, आणि मी तर तेवढा वेळ श्वास धरून बसलो होतो.

त्यांनी टेबलाखालून स्टीलचं पातेलं काढलं. त्यात मेणाचे तुकडे घातलेले होते, वरती थर्मामीटरही बांधलेला. हे सगळं किती दिवस तयार होतं कोण जाणे. पातेलं गरम पाण्यात ठेवून त्यांनी मेण वितळवलं आणि पारा साठाच्या जरा पुढे येऊन स्थिर होईपर्यंत त्याच्यावरून नजर हलवली नाही. मग कॉइलच्या वायरी चिमटीत धरल्या. मी त्यांच्या मनगटाला आधार दिला. "तिनं सांगितलं होतं शिट्टी काढा," ते म्हणाले. "तेवढंच सांगितलं होतं पोरीनं."

कॉइल मेणात गेली आणि तिच्यातून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. आतली हवा निघते ती. ती पूर्ण निघेपर्यंत कॉइल बाहेर काढायची नसते. आधी भराभर आले, मग एकेक, मग बऱ्याच वेळानं एखादा. काका त्यांच्याकडे जसे बघत होते तसं मी बघू शकलो नाही. दवाखान्यातले ते दिवस ते असेच बसले असतील, असं माझ्या मनात आलं. शेवटचा बुडबुडा फुटल्यावरही ते थांबले, मग हळूच कॉइल उचलली आणि निथळत धरली.

ती थंड झाल्यावर आम्ही लाल गिटारमध्ये बसवली. मी आवाज पूर्ण वाढवला. शिट्टी नाही. टेबलावर टकटक केलं, तेही कोपऱ्यात ऐकू आलं नाही. धून वाजवली, ती आली, स्वच्छ, मोकळ्या गळ्याची. माझ्या मागून नाक ओढल्याचा आवाज झाला तो एकदाच झाला, कोपऱ्यातून परत आला नाही.

काकांनी माझ्या हातून गिटार घेतली. गिऱ्हाइकाची मोटार परत देण्याआधी पुसायचे तशी ती फडक्यानं पुसली, तारांखालून, मानेवरून, मागून. अँपचं बटण बंद केलं. मग ती लाल गिटार दोन्ही हातांवर आडवी घेऊन, समोर कुणी उभं असावं तशी, थोडी पुढे धरली.

"घे बाळा," ते म्हणाले. "जरा उशीर झाला."